स्टेशन देखणं झालं, गाडी कुठे आहे?

२२ मे २०२५ ला ‘अमृत भारत’ या रेल्वेच्या स्टेशन-सुधारणा योजनेतल्या १०३ स्टेशनांचं एका दमात उद्घाटन झालं. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली १५ आली. परळ, चिंचपोकळी, माटुंगा, वडाळा रोड आणि शहाड ही लोकलवाल्यांची. बाकी देवळाली, लासलगाव, सावदा, धुळे, केडगाव, लोणंद, इतवारी, आमगाव, चांदा फोर्ट आणि मूर्तिजापूर. या यादीतलं शेवटचं नाव वाचून वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघेल तो एकच : मग शकुंतला कधी सुरू होणार?

मूर्तिजापूर जंक्शन झालं ते शकुंतला या नॅरोगेज गाडीमुळे. मुंबई-नागपूर मुख्य लाइनीवरच्या या गावातून अडीच फुटी नॅरोगेजच्या दोन फांद्या फुटतात, एक यवतमाळला आणि दुसरी अचलपूरला. दोन्ही मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनीवर आणायचा आणि मुंबईच्या बंदराकडे धाडायचा, या हिशेबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं हे रूळ टाकले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारजमा झाल्या, तरी ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली आणि तिच्यावर गाडी चालवण्यासाठी आपली रेल्वे कंपनीला पैसे मोजत राहिली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनानं ही गाडी १९९४ पर्यंत ओढली. मग डिझेल आलं. पुढे पुढे तर मधल्या स्टेशनांवर कोणी उरलंच नव्हतं. तिकीट देणं, फाटक लावणं, इंजिन सोडणं-जोडणं ही सगळी कामं गाडीबरोबर चाललेली माणसंच उतरून करायची. एसटीच्या मानानं भाडं किरकोळ, म्हणून शेतमजूर आणि आठवडी बाजाराला निघालेल्या बायका तिच्यातच बसायच्या. आज त्या रुळांवर गाडी नाही. म्हणजे जंक्शनला नवं रूप मिळालं आणि त्याचं जंक्शनपण गेलं.

याला रेल्वेकडे उत्तर आहे आणि ते खोटं नाही. स्टेशन सुधारण्याचा पैसा एका लेखाशीर्षाचा, गेज बदलण्याचा दुसऱ्या. एकातला रुपया दुसरीकडे वळवता येत नाही. सरकारी दफ्तरात काम केलेल्या माणसाला हे पटेलही. पण प्रवाशाच्या दृष्टीनं गाडी आणि स्टेशन ही दोन खाती नाहीत. जुन्या स्टेशनांचं आज काय झालं, हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा बहुतेक वेळा इमारतीबद्दल बोलतो : कमान टिकली का, घड्याळ चालतं का, दगड धुतला का. माझ्या मते हा प्रश्नच अर्धा आहे. स्टेशनाचा वारसा म्हणजे त्याचा वापर. तिथे गाडी थांबते का, तिकीट न काढलेल्या माणसालाही घटकाभर सावलीत बसता येतं का, आणि त्या इमारतीचं काय करायचं हे ठरवणाऱ्याला कोणी जाब विचारू शकतो का, या तीन गोष्टी धरल्याशिवाय नुसती दर्शनी भिंत वाचवणं म्हणजे फोटोची सोय.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, ३४ किलोमीटरचा प्रवास. ते मूळचं बोरीबंदर स्टेशन आज नाही. त्याच भागात १८७८ साली व्हिक्टोरिया टर्मिनस (व्हीटी) या नव्या स्टेशनाचं काम निघालं आणि दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, पण बांधणाऱ्यांत सीताराम खंडेराव यांच्यासारखे इथले अभियंते होते, आणि दगडातले मोर, माकडं, पानंफुलं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. खर्च साधारण १६ लाख रुपये. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांचे अर्धपुतळे आहेत. रोज त्यांच्याखालून जाणाऱ्या किती जणांनी मान वर करून ते पाहिले असतील, कोण जाणे. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आलं.

या इमारतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिचा घुमट किंवा सिंह-वाघ नाहीत. उपनगरी तिकिटांचा जो हॉल आहे, ज्याला जुने लोक ‘स्टार चेंबर’ म्हणतात, तो आहे. निळ्या छतावर सोनेरी तारे, टोकदार कमानी, घोटीव दगडाचे खांब. आणि त्याखाली काय चाललेलं असतं? रिटर्न तिकिटाची रांग. सुट्ट्या पैशांवरून होणारी कुरबुर. ओल्या छत्रीचं पाणी फरशीवर. एखाद्या देशात ही खोली दोरी लावून बंद केली असती आणि आत जायला शंभर रुपये घेतले असते. आपण तिच्यात डोंबिवलीचं तिकीट विकतो. हे आपल्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं जतन आहे, आणि ते कोणी ठरवून केलेलं नाही, ही त्यातली गंमत.

२०१८ च्या सुमारास मध्य रेल्वेच्या मुख्यालयाची कार्यालयं दुसरीकडे हलवून या इमारतीत मोठं संग्रहालय करावं, अशी कल्पना रेल्वेकडूनच पुढे आली होती. कर्मचारी संघटनांनी विरोध केला. त्यांची कारणं वेगळी होती, पण विरोध बरोबर होता. चालत्या स्टेशनाचं संग्रहालय करणं म्हणजे त्याला मानानं निवृत्त करणं. संग्रहालयाला कोणाचा विरोध नाही, पण ते बंद पडलेल्या जागी करावं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे ते तसं. पॅरिसला गार द’ओर्से हे स्टेशन लांब गाड्यांना अपुरं पडलं, रिकामं झालं, मग १९८६ मध्ये तिथे चित्रांचं संग्रहालय आलं, तेही रास्त. पण जिथे रोज लाखो माणसं उतरतात तिथे इमारतीला प्रवाशांपासून वाचवायचं नसतं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. जुन्या स्टेशनांबद्दल लिहिताना गळा दाटून येणाऱ्यांची एक जमात आहे. पितळी घंटा, कोळशाचा वास, स्टेशन मास्तरची टोपी वगैरे. ही स्टेशनं आपल्यासाठी बांधलेली नव्हती हे त्यात विसरलं जातं. साहेबाचं प्रतीक्षालय निराळं, त्यात आरामखुर्ची आणि पंखा. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला मुसाफिरखान्याची फरशी. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा वेगळ्या घागरी फलाटावर फिरत. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर जाहीर तक्रार केली होती, ती डब्यातल्या घाणीइतकीच माणसाला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल होती. घाटातली लाइन घालताना हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि सुरुंगांनी मेले. तेव्हा ‘इंग्रजांनी किती सुंदर बांधलं’ या कौतुकासाठी मला ही स्टेशनं नको आहेत. ज्या इमारतींच्या दारातून आपल्याला मागच्या बाजूनं आत घेतलं जायचं, त्या आपण पुढच्या दारानं वापरायला लागलो, हा त्यांचा खरा इतिहास. म्हणून तर त्या साध्या प्रवाशासाठी उघड्या राहायला हव्यात.

नेमकं उलटं घडतंय. नव्या किंवा ‘पुनर्विकसित’ स्टेशनात पैसे भरून बसायचा वातानुकूलित लाउंज असतो आणि फुकट बसायचे बाक मोजकेच. पाण्याच्या नळापेक्षा बाटलीचा स्टॉल आधी सापडतो. भोपाळचं हबीबगंज २०२१ मध्ये राणी कमलापती या नावानं विमानतळासारखं होऊन उघडलं, तेव्हापासून ‘विमानतळासारखं’ हा स्टेशनाला द्यायचा सगळ्यात मोठा दाखला झाला. त्याच वर्षी गांधीनगरला स्टेशनाच्या डोक्यावर पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. विमानतळावर माणूस तासभर आधी जातो, सामान तपासून घेतो, खरेदी करतो. लोणंदला उतरणारा माणूस वडापची जीप गाठायच्या घाईत असतो. त्याला छप्पर, संडास, पाणी, उजेड आणि जिना हवा. यातलं बरंच ‘अमृत भारत’मध्ये होतंय, लिफ्ट आणि सरकते जिने येत आहेत, हे मान्य करायला हवं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचं मोल विचारा. माझी तक्रार त्या सोयींबद्दल नाही. त्या सोयी देताना जुन्या वास्तूचं जे केलं जातं त्याबद्दल आहे.

एका तालुक्याच्या गावचं स्टेशन आहे, नाव मुद्दाम देत नाही. काळ्या घडीव दगडाची बैठी इमारत, पुढे लाकडी खांबांचा ओटा, वर मंगलोरी कौलं. गेल्या वेळी गेलो तर ती इमारत दिसेचना. दर्शनी भिंतीवर लोखंडी सांगाडा ठोकून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पत्रे बसवले होते, आणि त्या पत्र्यांवर किल्ल्याच्या तटबंदीचं चित्र. खऱ्या दगडावर दगडाचं चित्र! आत फॉल्स सीलिंग टाकून छताच्या लाकडी कैच्या झाकलेल्या. तिकीट खिडकीच्या बाजूला भिंतीचा दोन हात तुकडा उघडा राहिला होता, तिथे दगडावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पिवळा ऑइलपेंट. गिलाव्याला फुगे आलेले. नखानं टोकरलं तर पापुद्रा निघून आला आणि त्याच्या मागे पांढरी भुकटी दिसली.

त्या फुग्यांमागे एक साधं तंत्र आहे. या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि ऊन पडलं की सोडून देतो. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते, दगड कोरडा राहतो. त्यावर सिमेंट आणि तेलाचा रंग चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती दगडातच मुरते, पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचे किंवा गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागतात. पाच-सात पावसाळ्यांनी कोणीतरी अभियंता येऊन ‘इमारत जीर्ण झाली आहे’ असा शेरा मारतो. भिंत म्हातारी होऊन पडायला आलेली नसते, तिला गुदमरवलेलं असतं. चुन्यात काम करणारे गवंडी आज शोधावे लागतात, हे खरं. पण मागणीच नसेल तर ते टिकणार तरी कुठून? रेल्वेच्या निविदेत चुन्याच्या कामाचा दर आणि ते करण्याचा अनुभव ही अट आली, तर माणसं तयार होतील.

होऊ शकतं याचा पुरावा भायखळ्याला आहे. १८५७ च्या सुमाराची ही दगडी इमारत मुंबईतल्या सगळ्यात जुन्या स्टेशन-इमारतींपैकी. कित्येक दशकांची ठिगळं, रंगाचे थर, लोंबणाऱ्या वायरी यांखाली ती हरवली होती. एका स्वयंसेवी संस्थेनं पुढाकार घेतला, बजाज समूहानं पैसा दिला, वास्तुजतनाचं काम आभा नारायण लांबा यांनी पाहिलं, आणि रेल्वेनं परवानगी दिली. लोकल चालू असताना काम झालं. २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसाजतन पुरस्कार भायखळ्याला मिळाला, त्याच वर्षी आणि त्याच पुरस्कारमालिकेत मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचाही गौरव झाला. म्हणजे वस्तुसंग्रहालय आणि भायखळा स्टेशन एका पंक्तीला. राणीच्या बागेत मुलांना घेऊन आलेली कुटुंबं, भाजीच्या पाट्या, जे. जे. हॉस्पिटलला निघालेले पेशंट हे सगळे आजही तिथूनच जातात.

पण भायखळ्याचं कौतुक करताना एक खटकतंच. ते दानातून झालं. कोणाला तरी वाटलं, कोणी तरी पैसे दिले, कोणा अधिकाऱ्यानं हो म्हटलं. यातला एक जरी नसता तर काय? सार्वजनिक मालमत्तेची निगा दात्याच्या मर्जीवर चालत नाही. मुंबईत दाते आहेत, वास्तुतज्ज्ञ आहेत, वारशाच्या नावानं कोर्टात जाणारी माणसं आहेत. सावद्याला किंवा आमगावला कोण जाणार?

मुद्दा कायद्यापाशी येतो. १९९५ मध्ये मुंबईनं वारसावास्तूंसाठी नियमावली केली, देशात असं पहिल्यांदाच झालं. त्या नियमांनुसार यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर वारसा समितीला विचारावं लागतं. पण रेल्वे केंद्राची, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ११ मध्ये रेल्वे प्रशासनाला बांधकामाचे, बदलाचे, पाडकामाचे अधिकार ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी’ या थाटात दिलेले आहेत. रूळ टाकताना प्रत्येक ग्रामपंचायतीनं गाडी अडवू नये, यासाठी हे कलम गरजेचं आहे. तेच कलम शंभर वर्षांच्या मुसाफिरखान्यावर पत्रे ठोकतानाही ढाल म्हणून पुढे येतं, ते मात्र पटण्यासारखं नाही. दुसरा कायदा प्राचीन स्मारकांचा, १९५८ चा. त्यात स्मारक म्हणून अधिसूचित व्हावं लागतं, आणि मग त्याभोवती इतकी बंधनं येतात की चालत्या स्टेशनाला ते जमणारही नाही. म्हणजे एकीकडे लेण्यांसाठीचा कायदा, दुसरीकडे मोकळं रान. मधल्या इमारतींसाठी काही नाही.

रेल्वे बोर्डात वारसा पाहणारा स्वतंत्र विभाग आहे. त्याचं काम वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही, पण एकूण रेल्वेखात्याचा जीव इंजिनात अडकलेला असतो. स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभं केलेलं जुनं इंजिन आपण सगळ्यांनी पाहिलंय. इंजिन हलवता येतं, रंगवता येतं, त्याच्याशेजारी फीत कापता येते. पाण्याची टाकी, मालधक्का, सिग्नलची केबिन, स्टेशन मास्तरचं दोन खोल्यांचं क्वार्टर यांच्यापाशी फीत कापायला कोणी येत नाही.

गर्दीचा प्रश्न टाळून या विषयावर बोलणं अप्रामाणिक होईल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस, अरुंद जिना, आणि गिरण्यांच्या जागी आलेल्या टॉवरांमधली सगळी ऑफिसं एकाच वेळी उतरणारी. त्या दिवसानंतर कोणी ‘जुनं आहे तसंच ठेवा’ म्हणालं असतं तर लोकांनी त्याला उभं केलं नसतं, आणि ते योग्यच होतं. जिथे जिना माणसं मारतो तिथे जिना पाडायचा, तो कितीही जुना असो. पण या दुर्घटनेकडे नीट पाहिलं तर दिसतं की तिथे वारसा आड आला नव्हता. आड आलं ते दुर्लक्ष. जागा मिळत नाही, निधी नाही, प्रस्ताव पुढे सरकत नाही. पुढे लष्कराला बोलावल्यावर काही महिन्यांत नवा पूल उभा राहिला. त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली, स्टेशनाचं नाव बदलायची. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबईतल्या आणखी सात स्टेशनांची नावं बदलायचं ठरवलं : करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव वगैरे. लालबाग म्हणायला मला काहीच अडचण नाही, उलट बरं वाटेल. फक्त नावाच्या पाटीवर आपण जेवढं भांडतो त्याच्या दहावा हिस्सा पाटीमागच्या भिंतीवर भांडलो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता.

गर्दी वाटून घेण्याचे मार्ग रेल्वेला नवे नाहीत. कुलाब्याला बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) या रेल्वे कंपनीचं टर्मिनस होतं. १९३० च्या अखेरीस ते बंद झालं आणि लांबच्या गाड्यांसाठी त्याच वर्षी क्लॉड बॅटलीच्या आराखड्याचं मुंबई सेंट्रल उभं राहिलं. कुलाब्याच्या स्टेशनाची आज खूणही नाही. त्या जमिनीवर रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे. व्हीटीवरचा भार हलका करायला कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनस आलं. पुण्यात हडपसर आणि खडकीला टर्मिनस म्हणून वाढवण्याचं काम त्याच विचारातून चाललं आहे. पुणे स्टेशनाची आजची इमारत २७ जुलै १९२५ ला खुली झाली. तिच्या कमानी पाडल्या म्हणून तिथे एकही जादा गाडी उभी राहणार नाही, कारण अडचण फलाटांची संख्या, त्यांची लांबी आणि यार्डाची आहे. ‘क्षमता वाढवण्यासाठी पुनर्विकास’ असं कोणी म्हटलं की एवढंच विचारावं, की गाड्या किती वाढणार? उत्तरात बहुधा चौरस मीटर येतात.

पुण्याची इमारत आणि नागपूरची इमारत, दोन्ही २०२५ मध्ये शंभरीच्या झाल्या. नागपूरची तर १५ जानेवारी १९२५ ची, सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली. मुंबईतली विजेची पहिली गाडीही त्याच वर्षीची, ३ फेब्रुवारी १९२५, व्हीटी ते कुर्ला. विजेच्या शंभरीचा रेल्वेनं सोहळा केला, तो व्हायलाच हवा होता. विजेचा विस्तार अभिमानानं मोजला जातो, टक्क्यांत मांडला जातो. तशी जुन्या स्टेशन-इमारतींची मोजदाद कुठे लावलेली पाहिली आहे का? किती उभ्या आहेत, किती वापरात आहेत, किती पाडल्या, किती पत्र्याखाली गेल्या?

परदेशांत हे शहाणपण आपोआप आलं नाही. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१० चं, गुलाबी ग्रॅनाइटचं. १९६३ पासून ते पाडायला घेतलं. शहर इतकं हळहळलं की १९६५ मध्ये वारसावास्तूंचा कायदा झाला. पुढे ग्रँड सेंट्रलच्या डोक्यावर टॉवर बांधायची परवानगी नाकारली म्हणून खुद्द रेल्वे कंपनीच कोर्टात गेली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरली. लंडनमध्ये युस्टनची कमान पाडली गेली, पण सेंट पँक्रस १९६७ मध्ये वारसायादीत आलं आणि वाचलं. २००७ पासून तिथून पॅरिसच्या गाड्या सुटतात. स्टीव्हन्सनं व्हीटी आखताना ज्या इमारतींकडे पाहिलं असं म्हणतात त्यातली ही एक. दोन्हीकडे आधी एक मोठं स्टेशन गमावावं लागलं. आपल्याकडे कुलाबा सोडलं तर गमावलेलं मोठं स्टेशन दाखवता येत नाही, आपण छोटी छोटी गमावतोय, म्हणून हळहळ कुठे साठतच नाही.

बार्शी लाइट रेल्वेचं उदाहरण त्यातलंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी नॅरोगेज सुरू केली. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरजेपर्यंत गेली. नॅरोगेजवर किती वजन पेलता येतं याचा धडा जगभरच्या अभियंत्यांनी या लाइनीवरून घेतला. आषाढीला वारकऱ्यांनी खच्चून भरलेले तिचे डबे पाहिलेली पिढी अजून सोलापूर जिल्ह्यात आहे. १९५४ मध्ये सरकारनं कंपनी विकत घेतली आणि नंतर टप्प्याटप्प्यानं सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. हा बदल मला पूर्ण मान्य आहे. लातूरच्या माणसाला मुंबईची थेट गाडी मिळाली, यापुढे नॅरोगेजचं कौतुक फिकं आहे. इथे वापर टिकला, उलट वाढला. इथला माझा हट्ट एवढाच, की रुंदीकरणात जी ठाणी बाजूला पडली त्यांच्या इमारती ग्रामपंचायतीला, वाचनालयाला, आरोग्य उपकेंद्राला, बचत गटाला नाममात्र भाड्यानं द्यायला काय हरकत होती? रेल्वेची जमीन रेल्वे सोडत नाही, आणि वापरतही नाही. खिडक्यांच्या चौकटी आधी जातात, मग कौलं, मग दगड गावातल्या घरांच्या जोत्यात दिसायला लागतात. दगड नेणाऱ्याला मी दोष देत नाही. बेवारस टाकलेली वस्तू माणसं उचलणारच.

मग करायचं काय? शंभरी गाठलेल्या प्रत्येक स्टेशन-इमारतीची यादी रेल्वेनं करावी आणि ती लोकांसमोर ठेवावी, फोटो आणि आराखड्यासकट. यादीतल्या इमारतीच्या कामाच्या निविदेत जतनाचा अनुभव असलेला वास्तुतज्ज्ञ सक्तीचा असावा. कलम ११ ला हात न लावताही रेल्वे बोर्ड हे एका परिपत्रकानं करू शकतं. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही. आणि पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एका पानाचा जबाब असावा : काम झाल्यावर इथे आजच्यापेक्षा किती गाड्या थांबतील, किती माणसांना फुकट बसता येईल, जुन्या इमारतीचा कोणता भाग कोणत्या कामासाठी वापरात राहील. शकुंतलेसारख्या बंद फांदीचं स्टेशन असेल तर ती फांदी कधी सुरू होणार, की होणारच नाही, हेही त्याच पानावर. नाही म्हणायचं असेल तर तसं लिहावं, म्हणजे यवतमाळचा माणूस वाट पाहणं सोडून एसटीच्या जादा फेऱ्या तरी मागेल.

नागपूरला हे आत्ताच करून पाहता येईल. तिथल्या पुनर्विकासाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, खर्च ५९० कोटींच्या घरात सांगितला गेला. नव्या रचनेचं रंगीत संकल्पचित्र सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या आकारात, १९२५ च्या इमारतीचा आराखडा लावावा. कुठली खोली काय होणार, कुठली भिंत राहणार, कुठली जाणार हे त्यावर मराठीत आणि हिंदीत लिहावं, आणि हरकती घ्यायला एक खिडकी उघडावी. फलाट क्रमांक एकवर जागा आहे.